आपले प्रश्न, आमची उत्तरे : जॉन राजाने इंग्लंड पोपला का दिले?

प्रश्न : पोप तिसरा इनोसंट याच्याकडे इंग्लंडवर धाडायला स्वतःची फौज नव्हती. तरी जॉन राजाने आपले राज्यच त्याच्या हवाली का केले? आणि पुढे याच पोपने मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेवर बंधने घालणारी सनद, रद्द केला तो कोणत्या अधिकाराने?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : भांडण पेटले कँटरबरीच्या गादीवरून, म्हणजे इंग्लंडमधल्या सर्वांत वरच्या धर्मपदावरून. १२०५ मध्ये तिथला आर्चबिशप वारला. मठवासींनी गुपचूप आपला माणूस निवडला, जॉनने दबाव आणून नॉर्विचच्या बिशपला पुढे केले. इनोसंटने दोन्ही निवडी मोडीत काढल्या आणि रोममध्ये आलेल्या मठवासींकडून स्टीफन लँग्टनला निवडून घेतले. जॉनने लँग्टनला देशात येऊच दिले नाही.

मार्च १२०८ मध्ये पोपने इंग्लंडभर धर्मविधींवर बंदी घातली. चर्चमधली जाहीर उपासना थांबली, पवित्र भूमीत दफन बंद झाले, प्रेते रस्त्याकडेला पुरावी लागली. तान्ह्यांचा बाप्तिस्मा आणि मरणाऱ्याचे पापनिवेदन, एवढीच सूट. म्हणजे गुन्हा राजाचा आणि शिक्षा रयतेला! राजाने तर यात पैसा केला. धर्मगुरूंच्या जमिनी जप्त करून अनेकांना त्या पैसे भरून सोडवायला लावल्या. पाद्र्यांनी ठेवलेल्या बायकाही पकडून दंड घेऊनच सोडल्या. नोव्हेंबर १२०९ मध्ये खुद्द जॉन धर्मबहिष्कृत झाला, तरी पुढची साडेतीन वर्षे त्याची गादी टिकली. तेव्हा नुसत्या बहिष्काराने राजा नमला, असे म्हणता येत नाही.

तो नमला, कारण १२१३ पर्यंत फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप स्वारीसाठी आरमार जमवून बसला होता आणि घरचे सरदार फितूर होऊ लागले होते. बहिष्कृत राजावर चाल करणाऱ्याला धर्माचे बळ आयतेच मिळत होते. ते काढून घेण्यासाठी १५ मे १२१३ रोजी डोव्हरजवळ जॉनने इंग्लंड आणि आयर्लंड पोपला अर्पण केले आणि मांडलिक म्हणून परत घेतले. खंडणी ठरली वर्षाला १००० मार्क : इंग्लंडचे ७००, आयर्लंडचे ३००. निम्मी रक्कम सप्टेंबरअखेर मायकेलमसच्या सणाला, निम्मी ईस्टरला. एक मार्क म्हणजे १६० पेनी.

खंडणी कशी जाचते, हे बडोदेकरांना सांगायला नको. गायकवाडांच्या पेशव्यांशी असलेल्या अशाच हिशेबाच्या वादात त्यांचे वकील गंगाधरशास्त्री पुण्याला गेले आणि १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. जॉनने मात्र हा धनी आपण होऊन पत्करला, आणि आमच्या मते तो सौदा त्याला स्वस्तात पडला. इंग्लंड आता पोपचा मुलूख, त्यावर चाल करायला फिलिपला मनाई झाली. तो शेजारच्या फ्लँडर्सकडे वळला आणि मेअखेर तिथल्या दाम बंदरात इंग्रजांनी त्याची जहाजे पकडली, जाळली. विधींवरची बंदी मात्र नुकसानभरपाईच्या घासाघिशीत जुलै १२१४ पर्यंत रेंगाळली.

मॅग्ना कार्टाचे उत्तर याच मांडलिकीत आहे. जून १२१५ ची ती सनद बंडखोर सरदारांनी जॉनकडून जबरदस्तीने घेतलेली, शिवाय धन्याला न विचारता दिलेली, म्हणून इनोसंटने २४ ऑगस्टला ती रद्दबातल ठरवली. बंडखोर सरदारांवर बहिष्कार पुकारायला लँग्टन तयार होईना, तेव्हा पोपच्या प्रतिनिधींनी त्यालाच निलंबित केले. ज्याच्यासाठी एवढे रण माजले, तोच!

पुढच्या वर्षी इनोसंट आणि जॉन दोघेही वारले. गादीवर आलेला तिसरा हेन्री अवघा नऊ वर्षांचा. सरदारांना वळवण्यासाठी नोव्हेंबर १२१६ मध्ये सनद काटछाट करून पुन्हा काढली गेली. बालराजाची स्वतःची मुद्रा अजून नव्हती, म्हणून तिच्यावर दोन मुद्रा उमटल्या : एक राज्यपालक विल्यम मार्शलची, दुसरी पोपचा वकील गुआला याची.