खारूताईला शेव नको, पाणी द्या

प्रश्न : ताई, आमचं भुसावळला बैठं घर आहे. मागे छोटी बाग : एक डाळिंब, एक पेरू, शेवगा आणि काही कुंड्या. दिवाळीपासून दोन खारी रोज येतात. नातू त्यांना बिस्किटं, शेव, कधी भाकरीचा तुकडा टाकतो. आता त्या थेट ओट्यावर येऊन बसतात. आमचे हे म्हणतात, सवय लावू नका, डाळिंबं त्याच पोखरतात, ठिबकची नळीही त्यांनीच कुरतडली. मला त्यांना उपाशी ठेववत नाही. खायला घालावं की नाही?
– एक आजी, भुसावळ

उत्तर : आजी, शेव आणि बिस्किटं आजपासून बंद करा आणि पाण्याचं परळ आजच ठेवा. बाकीचं सावकाश सांगते.

खार उपाशी राहील ही भीती मनातून काढून टाका. तुमच्या शेवग्याची फुलं, पिकलेला पेरू, चिंच, उंबर, निंबोळ्या, सालीखालचे किडे, यावर तिचं छान भागतं. आपल्या भागात तर केळफुलातला गोड रसही ती पिते. सकाळी लवकर एखाद्या केळीबागेत जाऊन उभ्या राहा, केळफुलाला उलटी लटकलेली खार हमखास दिसेल. शेवेतलं मीठ-तेल आणि बिस्किटातली साखर तिच्या इवल्याशा शरीराला झेपणारी नाही. शिवाय खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. चिंचोका, साल, टणक बी कुरतडून ती ते झिजवते. मऊ बिस्किटावर तिचं पोट भरलं तर दातांना काम उरत नाही.

शेंगदाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच येणार. अधूनमधून सालासकट भुईमुगाच्या चार शेंगा चालतील. खारवलेले दाणे नकोत, बुरशी धरलेले तर मुळीच नकोत. रोज नुसते दाणेही नकोत. त्यात कॅल्शियम फार कमी असतं आणि तेवढ्यावरच वाढलेल्या पिल्लांची हाडं ठिसूळ होतात.

आता ओट्यावर येऊन बसण्याबद्दल. इथे मला माझी गोष्ट सांगायलाच हवी. अमळनेरच्या आमच्या घरी अंगणात कडुनिंब आहे. सात-आठ वर्षांपूर्वी एक खार रोज सकाळी मी चहा घेत असताना पायरीवर यायची. मी तळहातावर दाणा धरायची. ती दोन्ही पुढच्या पंजांत तो धरून गोल गोल फिरवायची, आधी लाल साल उडवायची, मग टोकाकडून खायची. मिशा इतक्या भरभर हलायच्या की दाणा संपेपर्यंत मी चहा विसरायची. शेजारच्या आक्का म्हणायच्या, ‘माय, ती भलती धीट व्हई गयी वं.’ मला त्याचं कौतुकच वाटायचं. श्रावणातल्या एका सकाळी ती नेहमीसारखी पायरीवर बसली होती, पाठ अंगणाकडे. तुळशीवृंदावनाच्या आडून बोका आला. एरवी मांजर दिसलं की खार शेपटी झटकत चिरचिर करून सगळी आळी जागी करते; त्या दिवशी तिचं सगळं लक्ष माझ्या हाताकडे होतं. मी हात उचलेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर मी कुठल्याही खारीला हातावर दाणा दिलेला नाही. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, तिला तुमच्या ओट्याची भीती वाटत राहू दे. नातवाच्या बोटाला चुकून दात लागलाच, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने जखम चांगली धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पाण्याचं मात्र अगदी मनावर घ्या. भुसावळचा उन्हाळा मी तुम्हाला काय सांगू! मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा सावलीतली पानंही करपतात. ठिबकची नळी खारी कुरतडतात ती बहुतेक वेळा याच दिवसांत, आतल्या पाण्यासाठी. शेतकऱ्यांनाही मी हेच सांगते : बांधावर झाडाखाली पाणी ठेवलं तर नळ्यांचं नुकसान पुष्कळ कमी होतं. मातीचं पसरट परळ घ्या, मध्ये एक खडबडीत दगड ठेवा आणि पेरूच्या फांदीच्या बेचक्यात किंवा खोडाला लागून उंचावर ते बसवा. जमिनीवर, कुंड्यांच्या आडोशाला नको, तिथे मांजर दबा धरतं. पाणी रोज बदला, परळ नारळाच्या शेंडीने घासा, नाहीतर डास होतील. आणि घरात उघडा हौद असेल तर त्यात एक फळी तिरपी टाकून ठेवा. पाणी प्यायला उतरलेली खार गुळगुळीत भिंतीवरून वर चढू शकत नाही. असे जीव मी हौदातून काढले आहेत, सगळे जिवंत नव्हते.

डाळिंबाबद्दल यजमानांचं म्हणणं बरोबर आहे, पोखरतात त्या. कागदी पिशवी त्या फाडतात. फळ लिंबाएवढं झालं की बारीक तारेच्या जाळीची पिशवी करून बांधा, आणि पेरूची शेंड्यावरची फळं त्यांच्यासाठी सोडा. तिथवर आपला हात तरी कुठे पोहोचतो? उंदरांसाठी औषधाच्या गोळ्या बागेत ठेवत असाल तर लगेच उचला, खारीही त्या खातात. पेरणीचं औषध लावलेलं बियाणं उरलं असेल तर तेही उघड्यावर नको.

नातवाला हिरमुसलं करू नका. त्याला खिडकीत बसवा आणि पाठीवरचे पट्टे मोजायला सांगा. रामाच्या बोटांची गोष्ट त्याला माहीत असेलच. आपल्याकडे तीन पट्ट्यांची खार असते आणि पाच पट्ट्यांचीही, तुमच्याकडची कोणती ते त्याने शोधावं. कापसाची मूठभर सरकी काढलेली बोंडं फांदीला अडकवून ठेवा. घरटं बांधायचे दिवस असतील तर खार तो कापूस तोंडात कोंबून, गालाबाहेर पांढऱ्या मिशा फुटल्यासारखी पळत सुटते. पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर घरात आणू नका, दूध पाजू नका. खोक्यात फडक्यावर ठेवून झाडाजवळ सावलीत, मांजराच्या तोंडी लागणार नाही असं ठेवा आणि लांब व्हा. आई बहुतेक वेळा येऊन तोंडात धरून नेते.

परळ कुठे बसवलं आणि पहिली खार किती दिवसांनी पाण्यावर आली, ते नातवाच्या हाताने लिहून मला नक्की कळवा.