जेम्स वेब दुर्बीण सोलापुरातून हबलसारखी नुसत्या डोळ्यांनी दिसू शकते का?

नाही, वेब दुर्बीण सोलापुरातूनच काय, पृथ्वीवर कोठूनही नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. हबल ही दुसरी अवकाश दुर्बीण मात्र दिसते. नासाने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार हबल जमिनीपासून सुमारे 500 किलोमीटरवर फिरते, तर 25 डिसेंबर 2021 रोजी घडी घालून पाठवलेली आणि अवकाशात उलगडलेली वेब सुमारे 15 लाख किलोमीटर दूर, सूर्याच्या विरुद्ध बाजूच्या एल-2 बिंदूभोवती (जेथे सूर्य व पृथ्वीच्या एकत्रित गुरुत्वामुळे यान पृथ्वीच्या जोडीने फिरत राहते) फिरते. वेब अवरक्त, म्हणजे उष्ण वस्तूंतून निघणारे व डोळ्यांना न दिसणारे किरण टिपत असल्याने तिचे आरसे अतिशय थंड ठेवावे लागतात, आणि सूर्य, पृथ्वी व चंद्र हे तिन्ही तेथून एकाच बाजूला येत असल्यामुळे पाच पदरांचा एकच पडदा तिन्हींची उष्णता अडवू शकतो. ही योजना मला तिच्या 6.5 मीटरच्या आरशाहूनही विलक्षण वाटते. हबलची कक्षा विषुववृत्ताशी 28.5 अंशांनी कललेली आहे, त्यामुळे सुमारे 17.7 उत्तर अक्षांशावरील सोलापूरच्या थेट माथ्यावरूनही ती जाऊ शकते. मात्र ती दिसते ती सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वीच्या साधारण तास-दीड तासातच, कारण तेव्हा खाली अंधार असून तिच्यावर ऊन पडलेले असते. हबल केव्हा दिसेल याचे वेळापत्रक पाहून सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाकडे, शहराच्या दिव्यांपासून दूर जाऊन, न लुकलुकता काही मिनिटांत आकाश ओलांडणारा ठिपका शोधावा.