पहिल्यांदा गावात निघालीस ना, मग हे वाच

अगं, आहारशास्त्राची डिग्री झाली, आता ती डाएट चार्टची फाईल घरीच ठेव. गगनबावड्याकडच्या अंगणवाडीत ओट्स न् ब्रोकोली सांगितलंस तर बायका पदराआड हसतील, मला हसल्यात. आधी चुलीपाशी बस, डबे बघ, नाचणी, हुलगे, शेंगदाणे, गूळ सगळं घरातच असतंय की, फक्त बाळाच्या ताटात नुसता भात आणि आमटीचं वरचं पाणी पडतंय, तिथं खालची डाळ घोटून घाल, वर चमचाभर तेल, एवढंच सांगायचं.

दंड मोजायची पट्टी कायम पिशवीत पाहिजे. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराचा दंड ११.५ सेंमीच्या खाली भरला तर ते तीव्र कुपोषण, सल्ले देत बसू नको, आशाताईला घेऊन त्याच दिवशी पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, गाठ. गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या मिळतात, पण बऱ्याचजणी त्या चहाबरोबर गिळतात, मग कशी लागू पडणार! लिंबूपाण्याबरोबर घ्या म्हण, चहा तासादोन तासांनी.

आणि सासूबाईंना वगळू नको, ताट त्याच वाढतात. ऊसतोडीच्या खोपटांवर मात्र संध्याकाळीच जा, दिवसा आया फडात असतात.