वाचायला घेण्याआधी पैशाचं बोल

तुझं पत्र पोचलं गं. मालवणजवळ राहतेस, दिवाळी अंकांत कथा लिहितेस, ट्रान्सलेशनची कामं करतेस, आणि हल्ली जो तो आपलं लिखाण तुझ्याकडे पाठवतो, 'जरा नजर टाक ना' म्हणून. मुंबईची एक वेब सिरीजवाली टीम तर तुझ्याकडून मालवणी डायलॉग तपासून घेतेय, रात्री दहाला फोन, तासतासभर बोलणं, आणि पैशाचं विचारलंस तर 'क्रेडिट देतो ना'. वर गावातल्या निवृत्त सरांच्या आत्मचरित्राची फाईल आलीय ती वेगळीच. आणि तू मला विचारतेस, पैसे मागितले तर लोक म्हणतील का हिला शिंगं फुटली.

म्हणू देत. तू माग.

पत्रात तू सहज लिहून गेलीस ते मी परत वाचलं. स्क्रिप्टमधला बाप ऐन जुलैत ट्रॉलर घेऊन समुद्रात जात होता आणि तू त्यांना सांगितलंस की अहो १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. आणि संगमेश्वरकडची सासू अस्सल मालवणीत भांडत होती, तीही तूच पकडलीस, कारण तिकडची बोली वेगळी. हे शूटिंग झाल्यावर कळलं असतं तर अख्खं युनिट परत खाली आणावं लागलं असतं, त्याचा खर्च काय आला असता? त्यांच्या बजेटमध्ये गाडीचे पैसे आहेत, लॉजचे आहेत, रोजच्या मासळीच्या जेवणाचे आहेत. तुझेही धरायला सांग. नाव पडद्यावर येतं ते यायलाच हवं, पण ते पैशाच्या जागी नाही चालणार.

आता सरांचं पुस्तक. तू लिहिलंयस साधारण ६०,००० शब्द आहेत. मिनिटाला २०० शब्द धरले तरी नुसतं एकदा वाचायला ५ तास, मग पेन्सिल घेऊन दुसऱ्यांदा वाचायचं त्याला दुप्पट वेळ, मग कुठे ढिलं पडलंय, कुठलं प्रकरण आधी हवं, हे सगळं नीट लिहून द्यायचं त्यात आणखी ४-५ तास सहज जातात. म्हणजे झाले २० तास. तासाला ३०० रुपये लावलेस तरी ६,००० होतात, आणि ३०० हा कमीच आहे असं माझं मत. सरांना मान द्यायचा तो देच, पण हा हिशोब त्यांच्यासमोर मांड, शिकवण्या घेतलेला माणूस आहे, तासाचे पैसे त्यांना कळतात.

आणि एक गोष्ट आधीच स्पष्ट बोल, हे पैसे वाचण्याचे आणि मत देण्याचे आहेत, मत आवडण्याचे नाहीत. नारळ पाडायला येणाऱ्याला आपण माडामागे पैसे देतो, एखाद्या माडाला नारळ कमी निघाले म्हणून त्याची मजुरी कापत नाही ना? सरांनी तुझी एकही सूचना घेतली नाही तरी पैसे पूर्ण, म्हणून अर्धे काम सुरू करताना घ्यायचे आणि अर्धे रिपोर्ट पाठवताना. कोणाला मैत्रीत फुकट करून द्यायचं असेल, शाळेतली पोरं एकांकिका घेऊन आली वगैरे, तर खुशाल दे, फक्त ते तू ठरवून दिलेलं असू दे, कोणी गृहीत धरून नेलेलं नको.

मुंबईवाल्यांशी जे ठरेल ते व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना पण लिहून घे, किती एपिसोड, किती फोन, जास्तीच्या तासाला किती, पैसे कधी. आणि उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, करून टाक, आधार आणि पॅन लागतं, सरकारी पोर्टलवर फुकट होतं, कोणा एजंटला पैसे देऊ नकोस. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात नोंदलेल्या छोट्या सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेच लागतात, उशीर केला तर व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. पण नोंदणी कामाच्या आधीची हवी, पैसे अडकल्यावर धावपळ करून फायदा होईलच असं नाही.

तू शेवटी विचारलंयस, मागितले आणि त्यांनी दुसरं कोणी शोधलं तर? शोधू शकतात, खोटं कशाला सांगू. महिना-दोन महिने हात रिकामे राहतील कदाचित, तेवढी तयारी ठेव, ट्रान्सलेशन सोडू नकोस. पण जे तास तू आधीच दिलेस त्यांचं बिल ते राहोत की जावोत, पाठवायचंच. फोनच्या कॉल लॉगमधून तारखा काढ, कुठल्या दिवशी कुठला सीन बघितलास ते समोर लिही, रेट लाव, आणि ह्याच आठवड्यात मेल कर.