मॅडम, विषय ठरला आहे. पद्धत कोणती लावू?

गणपती उठले की पदव्युत्तर वर्गाच्या दुसऱ्या वर्षातील विद्यार्थी माझ्याकडे एक ठरलेली चिंता घेऊन येऊ लागतात. विषय मंजूर झालेला असतो, संदर्भांची फाइल जाडजूड झालेली असते आणि तिसऱ्या प्रकरणापाशी, म्हणजे संशोधन पद्धतीच्या प्रकरणापाशी, सगळे अडलेले असते. झोप लागत नाही, गाइडसमोर उभे राहण्याची धास्ती वाटते, आणि आपल्याला हे जमणारच नाही असे मनाने घेतलेले असते. समुपदेशनाकडे वळण्यापूर्वी मी काही वर्षे हाच विषय शिकवत होते. त्यामुळे या भीतीतला मनाचा भाग किती आणि विषय नीट न उमगल्याचा भाग किती, हे ओळखणे मला थोडे सोपे जाते. एका विद्यार्थिनीचा अनुभव तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे मांडत आहे.

ती समाजकार्य शाखेची, बीड जिल्ह्यातील एका वाडीवरची. तिच्या प्रबंधाचा विषय होता ‘ऊसतोड कामगारांच्या स्थलांतराचा त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर होणारा परिणाम’. सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा संक्षिप्त आराखडा, सादर करताना गाइडनी तिला एवढेच विचारले होते की, तू १०० मुले घेणार आहेस, ती १००च का? तिला उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून तिने जेवणखाणही धड केले नव्हते. आधी त्याविषयीच बोललो, आणि ते बोलणे बराच वेळ चालले. मग तिने तिसऱ्या प्रकरणाची पाने माझ्यापुढे ठेवली. ‘प्रस्तुत संशोधनासाठी वर्णनात्मक सर्वेक्षण पद्धतीचा अवलंब करून यादृच्छिक पद्धतीने १०० नमुने निवडण्यात आले आहेत,’ असे त्यात लिहिले होते. निवड अद्याप झालीच नव्हती, पण वाक्य भूतकाळात होते, कारण ते ग्रंथालयातील जुन्या प्रबंधातून जसेच्या तसे आले होते. मी तिला रागावले नाही. ज्या विद्यार्थ्याला पद्धत हा एक सोपस्कार म्हणूनच शिकवला गेला, तो तो सोपस्कारासारखाच पार पाडणार.

ती पाने मी उलटी करून ठेवली आणि म्हटले, “पद्धतीचे राहू दे. तुला स्वतःला काय कळून घ्यायचे आहे, ते घरात बोलतेस तशा भाषेत सांग.”

ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग भरभरून बोलू लागली. आई-वडील दर वर्षी मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परतत. ही मोठी, म्हणून आजीजवळ घरी राहिली आणि शिकली. धाकटी बहीण तान्ह्या भावाला सांभाळायला आईबरोबर उसाच्या फडावर गेली, आणि तिची शाळा सुटली. “मॅडम, ती माझ्यापेक्षा हुशार होती. ती गेली म्हणून सुटली, की तशीही सुटली असती, हे मला कळून घ्यायचं आहे.”

इतका नेमका प्रश्न मला क्वचितच ऐकायला मिळतो, आणि तो तिच्या तिसऱ्या प्रकरणात कुठेही नव्हता. मी तो कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून तिच्यापुढे ठेवला.

अभ्यासाचा आराखडा प्रश्नातून निघतो, हे आपण वर्गात सांगतो; पण तो कसा निघतो, हे एखाद्या खऱ्या प्रश्नावर क्वचितच करून दाखवतो. तिच्या शीर्षकातील ‘परिणाम’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळे प्रश्न दडलेले होते. वाडीतील किती मुले दर हंगामात जातात, हा मोजणीचा प्रश्न. त्याला एका वेळी केलेली पाहणी पुरते. जाण्यामुळे शाळा सुटते का, हा तुलनेचा प्रश्न. गेलेली आणि न गेलेली मुले शेजारी शेजारी ठेवून, शक्य तर काही वर्षे मागोवा घेऊनच त्याचे उत्तर मिळते. आणि कोणते मूल न्यायचे व कोणते मागे ठेवायचे हे घरात कसे ठरते, हा समजून घेण्याचा प्रश्न. तो प्रश्नावलीतील हो-नाहीच्या चौकटींत मावत नाही, त्यासाठी आईबापांजवळ बसून बोलावे लागते. आठ-दहा सविस्तर मुलाखतींना कमी दर्जाचे संशोधन समजण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि ती मला मुळीच मान्य नाही. मात्र त्या मुलाखतींवरून टक्केवारी काढायला जाऊ नये, एवढे भान ठेवावे लागते.

तिची मूळ योजना डिसेंबरच्या सुटीत वाडीवर जाऊन १०० मुलांकडून प्रश्नावली भरून घेण्याची होती. मी विचारले, “डिसेंबरात वाडीवर कोण असेल?” ती उत्तर देऊ लागली आणि मध्येच थांबली. ज्यांचा अभ्यास करायचा ती मुले तेव्हा फडावरच्या कोपींत, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, असणार होती. वाडीवर भेटणार होती ती आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहिलेली मुले. तिने १०० ऐवजी ५०० मुले घेतली असती तरी हा दोष गेला नसता, उलट चुकीच्या उत्तरावरचा तिचा विश्वास वाढला असता. नमुन्यात कोण येऊच शकत नाही, हे तपासणे मला नमुन्याच्या आकड्यापेक्षा नेहमीच अधिक महत्त्वाचे वाटत आले आहे.

आकड्याचेही सांगायला हवे, कारण मैत्रिणींनी तिला ‘३८४ घे, म्हणजे कोणी विचारत नाही’ असा सल्ला दिला होता. हा आकडा पवित्र नाही. १.९६ चा वर्ग घ्यावा, त्याला ०.५ ने दोनदा गुणावे आणि ०.०५ च्या वर्गाने भागावे, की ३८४ येतात. याचा अर्थ असा की, मोठ्या समूहातून खरोखर यादृच्छिक पद्धतीने ३८४ जण निवडले, तर टक्केवारीचा अंदाज ९५ टक्के विश्वासपातळीवर, म्हणजे शंभरातून सुमारे पंच्याण्णव वेळा, खऱ्या आकड्यापासून जास्तीत जास्त ५ टक्के इकडेतिकडे राहतो. १०० जण घेतले तर तोच फरक सुमारे १० टक्क्यांचा होतो. यादृच्छिक म्हणजे संपूर्ण यादी हाताशी असावी आणि तिच्यातील प्रत्येक नावाला निवडले जाण्याची ठरलेली संधी असावी. पारावर भेटतील ती मुले यादृच्छिक होत नाहीत, मग ती ३८४ असोत की ३,८४०.

तुलनेचा प्रश्न त्याहून अवघड होता. नवरा-बायकोची जोडी कोयता म्हणून जाते ती बहुधा कोरडवाहू किंवा भूमिहीन घरातून. मागे राहणाऱ्या मुलांच्या घरी थोडी जमीन असेल, आजी धडधाकट असेल. मग शाळा सुटण्यास कारण कोणते, जाणे की गरिबी? येथे मी तिला धूम्रपानाच्या संशोधनाची गोष्ट सांगितली. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फुप्फुसाच्या कर्करोगाचे ७०९ रुग्ण आणि तो आजार नसलेले तितकेच रुग्ण घेऊन मागच्या सवयी विचारल्या. परंतु आजारी माणूस आपली सवय वेगळ्या रीतीने आठवतो का, अशी शंका उरतेच. म्हणून १९५१ मध्ये त्यांनी ब्रिटिश डॉक्टरांना पत्रे पाठवली, उत्तरे देणाऱ्या सुमारे ४० हजार डॉक्टरांच्या सवयी आधी नोंदवल्या आणि मग पुढे कोणाला काय होते ते पाहत राहिले. तो पाठपुरावा ५० वर्षे चालला. प्रश्न एकच, पण पहिला आराखडा परिणामाकडून कारणाकडे गेला आणि दुसरा कारणाकडून परिणामाकडे.

“मॅडम, माझ्याकडे आठ महिने आहेत,” ती म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर थोडे हसू आले.

पुढचे तिनेच सुचवले. जिल्हा परिषदेच्या शाळेत जनरल रजिस्टर असते, त्यात प्रत्येक मुलाच्या दाखल होण्याची तारीख आणि शाळा सोडल्याचे कारण असते. वर्षानुवर्षांचे हजेरीपट कपाटात असतात. दहा-बारा वर्षांपूर्वी पहिलीत दाखल झालेल्या सर्व मुलांची यादी आज काढता येईल आणि त्यांतील कोणी सातवी पूर्ण केली हे कागदावरच पाहता येईल. म्हणजे पाठपुरावा तर होईल, पण तो झालेल्या वर्षांतून. तीन वाड्यांच्या शाळांतील अशी सर्व मुले घेतली, तर नमुना निवडण्याचा प्रश्नच उरत नव्हता आणि ‘१००च का’ याला उत्तर मिळत होते. निष्कर्ष मात्र त्या तीन वाड्यांपुरतेच मांडता येणार होते.

आम्ही दोन अडचणी आधीच लिहून ठेवल्या. हिवाळ्यातील गैरहजेरीलाच स्थलांतर मानले, तर कारण आणि परिणाम एकाच नोंदीतून मोजल्यासारखे झाले असते. म्हणून कोणते कुटुंब कोणत्या वर्षी गेले हे घरी विचारून ठरवायचे, आणि जमीन व घरातील वडीलधारी माणसे यांचीही नोंद घ्यायची, म्हणजे सारख्या परिस्थितीतील मुलांची तुलना करता येईल. दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलेले मूल शाळाबाह्य मानायचे नाही. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांची संमती आणि नावांऐवजी क्रमांक, हे ओघाने आलेच. शीर्षकातील ‘परिणाम’ काढून तिने ‘संबंध’ हा शब्द घातला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी सुरू केली, शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली आणि आधीच्या मृत्यूंची नोंदही दोन्हीकडे ठेवली, १९९९ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा ‘परिणाम’ हा शब्द त्यांना शोभला, कारण तिथे काहीतरी नवे करून पाहिले होते. तिच्या अभ्यासात तसे काही करून पाहायचे नव्हते.

जाण्यापूर्वी तिने दारात थांबून विचारले, “आणि फरक आलाच नाही तर? मी आधी मांडलेला अंदाज, म्हणजे परिकल्पनाच खोटी ठरली तर मार्क जातील का?” हे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, पण हळू आवाजात. मी तिला स्पष्ट सांगितले की, आराखडा नीट असेल आणि फरक आढळला नाही, तर तोही निष्कर्षच असतो आणि तो तसाच लिहायचा. उत्तरे पाहून परिकल्पना बदलणे किंवा नको ती मुले यादीतून गाळणे, हे मात्र कोणत्याही गुणांसाठी करायचे नाही. त्यासाठीच कोणाला घ्यायचे आणि कोणाला वगळायचे याचा नियम तिने नोंदी उघडण्यापूर्वी लिहून, तारीख घालून गाइडकडे दिला.

फेब्रुवारीत एका दुपारी तिचा शाळेतूनच फोन आला. जनरल रजिस्टरात तिच्या धाकट्या बहिणीची ओळ तिच्यासमोर होती. कारणाच्या रकान्यात मुख्याध्यापकांच्या निळ्या शाईतील दोन शब्द होते: सततची गैरहजेरी. “ही ओळ घेऊ की वगळू?” तिने विचारले. तिचा आवाज दाटला होता. नियमात बसते का, असे मी विचारले. बसते, ती म्हणाली. मग ती ओळ राहील, मी म्हटले, आणि यादीतील एक मूल आपली बहीण आहे, हे तिसऱ्या प्रकरणात एका वाक्यात लिहायचे. पलीकडून काही वेळ आवाज आला नाही. मग पान उलटल्याचा आवाज आला आणि तिने पुढचा क्रमांक वाचून दाखवला.