वाचकांचे प्रश्न : कुत्र्याला सोबत घेऊन सेवा करायची असेल तर

प्रश्न : मी शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाले असून नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. आमच्याकडे चार वर्षांची लॅब्रेडॉर कुत्री आहे, तिचे नाव राणी. ती अतिशय प्रेमळ आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाजवळ जाऊन बसते. परदेशात अशा कुत्र्यांना रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत नेतात, असे वाचनात आले. राणीला घेऊन आठवड्यातून एकदा एखाद्या वृद्धाश्रमात किंवा विशेष मुलांच्या शाळेत जावे, असे फार मनात आहे. तिला कोणते प्रशिक्षण द्यावे लागेल आणि सुरुवात कशी करावी?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : तुमचा विचार उत्तम आहे आणि राणीचे वयही या कामाला योग्य आहे. मात्र प्रशिक्षणाकडे वळण्याआधी राणीला हे काम आवडेल का, याचा शोध घ्यावा लागेल. घरी आलेल्या पाहुण्याजवळ जाणारे कुत्रे स्वतःच्या जागेत, स्वतःच्या माणसांत आणि स्वतःच्या मर्जीने तसे करत असते. वृद्धाश्रमात मात्र त्याला नव्या जागी, औषधांच्या आणि फिनाईलच्या वासात, एकामागून एक अनोळखी हात अंगावर फिरवून घ्यायचे असतात. काही कुत्री तो स्पर्श मागतात, तर काही चांगल्या वळणाची असल्यामुळे तो निमूटपणे सोसतात. यांपैकी राणी कोणती, हे ओळखणे ही तुमची जबाबदारी आहे आणि माझ्या मते या सेवेतले सर्वांत मोठे कौशल्य तेच आहे.

ते ओळखण्याचा एक सोपा उपाय आहे. राणीला फारसे न ओळखणाऱ्या एखाद्या व्यक्तीला तिच्या मानेवरून किंवा छातीवरून काही क्षण हात फिरवायला सांगा आणि मग हात मागे घ्यायला सांगा. राणी पुढे सरकली, नाकाने हात ढोसू लागली किंवा अंग टेकून उभी राहिली, तर तिला आणखी हवे आहे. ती तोंड फिरवू लागली, झोप आलेली नसताना जांभई देऊ लागली, खाणे समोर नसताना ओठ चाटू लागली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल अशी तिरकी पाहू लागली किंवा अंग ओले नसताना झटकू लागली, तर ती तुम्हाला ‘पुरे’ असे सांगत आहे. पुष्कळ श्वानपालक या खुणांना कंटाळा किंवा लाडिकपणा समजतात. गुरगुरणे ही फार उशिराची पायरी असते. तिथपर्यंत गोष्ट जाऊ देणे म्हणजे आधीच्या सगळ्या सूचनांकडे दुर्लक्ष करणे होय. असे मूक नकार वारंवार दिसले, तर राणीला घरीच राहू द्यावे आणि तुम्ही एकटीने सेवेला जावे. तिच्यावरचे तुमचे प्रेम यामुळे उणे ठरत नाही.

आता प्रशिक्षण. अमेरिकन केनेल क्लबने १९८९ साली सुरू केलेली दहा भागांची एक चाचणी जगभर पायाभूत मानली जाते आणि तिच्यातील बाबी नाशिकमधला कोणताही चांगला प्रशिक्षक शिकवू शकेल. अनोळखी माणूस जवळ आला तरी शांत राहणे, बसून अंगावरून हात फिरवू देणे, पट्टा न ओढता चालणे, गर्दीतून नीट जाणे, आज्ञेवर बसणे, आडवे होणे आणि जागेवर थांबणे, हाक मारताच येणे, दुसरे कुत्रे दिसल्यावर न उसळणे आणि तुम्ही काही मिनिटे नजरेआड झालात तरी कासावीस न होणे, अशा त्या बाबी आहेत. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकच्या आसपासची सकाळची वर्दळ या सरावाला चांगली आहे. त्यापुढे चाकाची खुर्ची, वॉकर, काठी आणि फरशीवर पडलेल्या स्टीलच्या ताटाचा आवाज यांची हळूहळू सवय करावी. नाशिकमध्ये आणखी एक कसोटी आपोआप येते. गणेशोत्सवाआधी ढोल पथकांचे सराव सुरू झाले की अनेक कुत्री दिवसभर अस्वस्थ असतात. राणीचेही तसे होत असेल, तर ते आठवडे आणि दिवाळीचे दिवस भेटी बंद ठेवाव्यात.

तुम्ही जे करणार आहात ते भेटीचे, सोबतीचे काम आहे, उपचार नव्हेत, याची स्पष्टता ठेवणे हिताचे. अमेरिकी बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्या लक्षात आले होते की, त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याच्या सान्निध्यात अबोल मुले मोकळी होतात. १९६० च्या दशकात त्यांनी हा विषय अभ्यासकांसमोर मांडला आणि त्यातून उपचारांत प्राण्यांचे साहाय्य घेण्याची शाखा वाढीस लागली. त्या प्रकारात फिजिओथेरपिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ उद्दिष्ट ठरवतात; उदाहरणार्थ, आखडलेल्या खांद्याच्या व्यायामासाठी रुग्णाला कुत्र्याकडे चेंडू फेकायला लावतात. स्वयंसेवकाने अशी जबाबदारी स्वतःहून घेऊ नये. साध्या भेटीचेही मोल कमी नाही. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कुत्र्यामांजरांना केवळ १० मिनिटे कुरवाळल्यानंतर विद्यार्थ्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण घटलेले आढळले.

सुरुवात वृद्धाश्रमापासून करा आणि पहिल्यांदा राणीशिवाय जा. फरशी किती गुळगुळीत आहे, पाणी कोठे मिळेल, राणीला विसावा देण्यासाठी शांत कोपरा आहे का, हे पाहून या आणि व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्या. पहिल्या भेटी अर्ध्या तासापेक्षा अधिक नसाव्यात. पेट पार्टनर्स ही या क्षेत्रातील जुनी अमेरिकी संस्था अनुभवी कुत्र्यालाही दिवसाला दोन तासांहून अधिक काम देऊ देत नाही. विशेष मुलांची शाळा काही महिन्यांनंतर, राणी आणि तुम्ही दोघीही रुळल्यावर घ्यावी, कारण मुले अचानक ओरडतात, मिठी मारतात, शेपूट धरतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीकडे जातो तेव्हा सकाळी लवकरचीच वेळ ठेवा. तापलेल्या डांबरावर तळपाय पोळतात आणि लॅब्रेडॉरला उष्माघात लवकर होतो.

एक धोका मला आवर्जून सांगावासा वाटतो, कारण तो आपल्या गावात घरोघरी असतो. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यासाठी विषारी आहेत. त्यांच्यामुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ले तर चालेल याची सुरक्षित मर्यादा ठरवता येत नाही. नाशिकच्या वृद्धाश्रमात हंगामात द्राक्षांचा घड आणि एरवी बेदाणे घातलेला प्रसादाचा शिरा किंवा लाडू असणारच, आणि आजी-आजोबा तो प्रेमाने राणीपुढे धरणारच. म्हणून ‘तिला आमच्या हातूनच खायची सवय आहे’ असे पहिल्याच दिवशी सर्वांना नम्रपणे सांगावे. पलंगाखाली पडलेल्या गोळ्यांवरही नजर हवी. ‘सोड’ ही आज्ञा राणीला पक्की आली पाहिजे, ती याचसाठी.

प्रश्न : पंचवटी परिसरात आम्ही एक वृद्धाश्रम चालवतो. एका गृहस्थांनी आपला कुत्रा घेऊन येण्याची इच्छा दर्शवली आहे. आमच्याकडील काही ज्येष्ठ उत्सुक आहेत, काहींना भीती वाटते, तर काहींना सोवळ्यामुळे कुत्रे आत नको आहे. आम्ही कोणती खबरदारी घ्यावी?
— एक व्यवस्थापक

उत्तर : ज्यांना नको आहे त्यांचा नकार कारण न विचारता मान्य करावा. दत्तगुरूंच्या तसबिरीतल्या श्वानांचा किंवा खंडेरायाच्या कुत्र्याचा दाखला देऊन एखाद्या आजींचे मन वळवण्याचा मोह होईल. त्या स्वतः तसे म्हणाल्या तर आनंद आहे. पण श्रद्धेचा आधार घेऊन त्यांना राजी करणे बरे नव्हे. भेट देवघर आणि स्वयंपाकघरापासून दूर, शक्यतो व्हरांड्यात ठेवावी. तिथे उत्सुक ज्येष्ठांनी यावे आणि इतरांची खोली व नेहमीची वाट मोकळी राहावी.

त्या गृहस्थांकडून रेबीजसह सर्व लसींची नोंदवही, अलीकडे जंतनाशक दिल्याची नोंद, पशुवैद्याचे तपासणीपत्र आणि महापालिकेचा परवाना पाहून घ्या. पावसाळ्यात गोचिडांचा प्रादुर्भाव वाढतो, म्हणून त्या काळात कान आणि बोटांमधली जागा प्रत्येक वेळी तपासलेली असावी. कुत्र्याला कच्चे मांस खायला दिले जात असेल, तर भेटीस नकार द्यावा. अशा आहारातून साल्मोनेलासारखे जंतू कुत्र्याच्या लाळेतून आणि विष्ठेतून पसरू शकतात आणि वृद्धांना ते जड जातात. प्रत्येक ज्येष्ठाने कुत्र्याला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करावेत, कारण केसांवरून जंतू एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात. उघडी जखम असलेल्या किंवा केमोथेरपी सुरू असलेल्या व्यक्तीची भेट डॉक्टरांच्या संमतीशिवाय ठेवू नये.

म्हातारपणी त्वचा पातळ झालेली असते आणि अनेकांना रक्त पातळ करणारी औषधे सुरू असतात. नखाच्या साध्या ओरखड्यानेही मोठी जखम होते. म्हणून नखे कापलेली असावीत आणि पंजा मांडीवर ठेवू देऊ नये. पट्टा आखूड आणि सतत पालकाच्या हातात हवा, कारण त्यात काठी किंवा वॉकर अडकून कोणी पडले, तर खुब्याचे हाड मोडण्याची भीती असते. ओरखडा किंवा चावा झालाच, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन लगेच डॉक्टरांकडे न्यावे. कुत्र्याला लस दिलेली असली तरी पुढच्या उपचारांचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावा.

स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांजवळ तुमचा एक कर्मचारी बसवावा. त्यांची मूठ केसांत घट्ट आवळली जाऊ शकते आणि ती हळुवारपणे सोडवावी लागते. एखाद्या आजोबांनी या कुत्र्याला आपल्या लहानपणच्या कुत्र्याचे नाव दिले, तर ते दुरुस्त करू नये. त्या नावामागून गावाकडचे घर, मळा, भावंडे अशा आठवणी येऊ लागतात आणि त्या ऐकून घेणारा माणूस समोर असणे महत्त्वाचे असते. छायाचित्रे ज्येष्ठांच्या आणि कुटुंबीयांच्या संमतीशिवाय काढू देऊ नयेत.

प्रश्न : मी महाविद्यालयीन विद्यार्थी आहे. रस्त्यावरून आणलेले गावठी पिल्लू आता आठ महिन्यांचे झाले आहे. या कामाला विशिष्ट जातीचेच कुत्रे लागते का?
— एक विद्यार्थी, कॉलेज रोड

उत्तर : जातीची अट नाही. आपली गावठी कुत्री चलाख असतात आणि इथल्या हवामानाला सरावलेली असतात. काही मात्र अनोळखी माणसांबाबत सावध असतात. तुमचे पिल्लू तसे असेल, तर त्याच्यावर जबरदस्ती करू नका. आठ महिने हे वय लहान आहे. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत लसीकरण पूर्ण करून घ्या, नसबंदीबाबत पशुवैद्याचा सल्ला घ्या आणि पट्टा न ओढता चालण्याचा सराव रोज थोडा थोडा करा. त्याला लहान मुले, दाढीवाले पुरुष, डोक्यावर पदर घेतलेल्या स्त्रिया, हेल्मेट घातलेली माणसे अशी नाना तऱ्हेची माणसे दुरून दाखवा आणि ते शांत राहिले की खाऊ द्या. तोवर एखाद्या वृद्धाश्रमात तुम्ही स्वतः नियमित जात राहा, म्हणजे पुढे पिल्लू सोबत येईल तेव्हा तिथली माणसे तुम्हाला ओळखत असतील आणि तुमचे सगळे लक्ष पिल्लावर ठेवता येईल.