वाचकांचे प्रश्न: यशयाचा 'दुःख सोसणारा सेवक' कोण?

प्रश्न: इंदूरमध्ये आमच्या शेजारी राहणारे ख्रिस्ती कुटुंब सांगते की, येशूचे दुःखभोग यशया संदेष्ट्याने आधीच वर्णिले होते. हे वर्णन घटनेनंतर लिहिले गेले नसेल कशावरून? (एक वाचक, रामबाग, इंदूर)

उत्तर: आपल्या शंकेच्या एका भागाचे निरसन पुराव्याने होते. 1947 मध्ये मृत समुद्राजवळ कुमरान येथील गुहेत सापडलेली, बायबलच्या जुन्या करारातील यशयाच्या ग्रंथाची चर्मगुंडाळी (चामड्यावर लिहिलेली प्रत) येशूच्या जन्माआधी सुमारे शंभर वर्षांची असून, आपल्या शेजाऱ्यांना अभिप्रेत असलेला त्रेपन्नावा अध्याय तीत आहे. म्हणजे मजकूर ख्रिस्तपूर्व आहे, याविषयी वाद नाही.

वाद आहे तो अर्थाचा. इतरांच्या अपराधांसाठी घायाळ झालेला आणि वधाला नेल्या जाणाऱ्या कोकरासारखा मूक राहिलेला तो सेवक कोण, हे त्या अध्यायात नावानिशी सांगितलेले नाही. बायबलच्या नव्या करारातील 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात एक इथिओपियन अधिकारी येशूचा अनुयायी फिलिप्प याला नेमके हेच विचारतो, आणि फिलिप्प त्याच वचनापासून आरंभ करून त्याला येशूविषयी सांगतो. ख्रिस्ती वाचनाची ही परंपरा इतकी जुनी आहे. यहुदी भाष्यकारांपैकी अनेकांनी मात्र हा सेवक म्हणजे इस्राएल राष्ट्रच मानले, आणि त्यालाही आधार आहे, कारण यशयाच्याच ग्रंथाच्या एकेचाळिसाव्या अध्यायात देव इस्राएलला 'माझा सेवक' म्हणतो.

माझ्या मते हे वर्णन येशूच्या ठायी पूर्ण झाले असे मानणे ही श्रद्धेची साक्ष आहे. गुंडाळीचे वय तिला बळ देते, पण तिची जागा घेत नाही.